पहाटेची दुसरी झोप

“ताई, देहाबाहेर पडल्याचा अनुभव हवा असेल तर रात्री किती वाजता बसायचं?” नाशिकच्या माझ्या योगवर्गातली तरुण मुलं हे हल्ली वरचेवर विचारतात. त्यातली बरीचशी मध्यरात्रीपर्यंत मोबाइल बघून मग शवासनात पडतात आणि पाच मिनिटांत घोरू लागतात. त्या वेळी दुसरं काही होणंच अवघड असतं.

आपली झोप साधारण ९० मिनिटांच्या आवर्तनांत चालते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. पहाटेकडे ती ओसरते आणि स्वप्नांची झोप लांबत जाते. या झोपेत बंद पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात, हे शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली मांडलं. मेंदू तेव्हा जवळपास जागेपणीइतकाच कामात असतो, पण हातापायांचे स्नायू त्यानेच ढिले सोडलेले असतात. म्हणून स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणातच राहतो.

कधीकधी स्नायू पुन्हा ताब्यात येण्याआधीच जाग येते. हलता येत नाही, कानात घोंघावतं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. कुणाला आपण अंथरुणावरून वर तरंगतोय असंही वाटतं. देह सोडल्याचे पुष्कळसे अनुभव झोप आणि जाग यांच्या याच काठावरचे आहेत. जिनिव्हात ओलाफ ब्लांके यांच्या गटाने अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत, उजव्या बाजूला एका ठिकाणी, सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वरून स्वतःलाच पाहतोय असं वाटलं. ही नोंद २००२ची. मला त्यावरून असंच वाटतं की काही बाहेर जात नाही. ‘मी इथे आहे’ ही मेंदूने धरलेली जाणीव सुटते. तरीही हा अनुभव मी मोलाचा मानते. ती जाणीव सुटू शकते हे एकदा अंगावर घेतलं की ध्यानात बसणं बदलतं.

आपल्याकडे ध्यानासाठी ब्राह्ममुहूर्त सांगितला आहे. तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं टिकतो. इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात पहाटे चारला घंटा होते हे सगळ्यांना ठाऊक असतं; तिथे रात्री साडेनऊला दिवे मालवतात, हे मात्र कुणी सांगत नाही. लवकर उठण्याचं सगळं बळ त्या लवकर निजण्यात आहे.

म्हणून मी मुलांना सांगते, दहाला झोपा. साडेचारच्या सुमारास उठा, तोंडावर पाणी मारा, मोबाइलला हात लावू नका. अर्धा-पाऊण तास श्वास बघत बसा आणि पुन्हा आडवे व्हा. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनीही स्वप्नात भान जागं ठेवण्यासाठी असंच मधे उठून पुन्हा झोपणं उपयोगी ठरवलं. या दुसऱ्या झोपेत शिरताना शरीर निजतं, मन जागं राहू शकतं. अंग जखडलं तर घाबरू नका, ते आपोआप सुटतं. पायाचा अंगठा हलवून बघा. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, तेव्हा भीती वाटत असेल तर कुशीवर झोपा.

अपस्मार, निद्रानाश किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका. बाकीच्यांनी सुट्टीच्या दिवशीच करावं. परीक्षा असेल किंवा लांबवर गाडी चालवायची असेल, त्या दिवशी सरळ सकाळपर्यंत झोपावं.