वेळ घेऊन येणे करावे

नाशिकला पाहुणा आला की सकाळी मिसळ आणि नंतर त्र्यंबक, हा बेत कुणाला ठरवावा लागत नाही. चहा पिता पिता कुणीतरी 'निघायचं का?' म्हणतं आणि तासाभरात गाडी सातपूर ओलांडते. अंतर अठ्ठावीस-तीस किलोमीटर. वाटेत अंजनेरीवर ढग उतरलेले दिसले की तिथेच थांबून भाजलेलं कणीस खायचं, पाऊस वाढला तर मागे फिरायचं, उघडला तर पुढे जायचं. दर्शन झालं तर झालं, नाहीतर कळसाला नमस्कार. नाशिककराचा देव असा शेजारचा होता.

आता निघण्याआधी प्रश्न येतो, 'पास काढलाय का?' दोनशे रुपयांचं देणगी दर्शन, ऑनलाइन पास, त्यावर तारीख आणि वेळ. पास नसेल तर धर्मदर्शनाची रांग आहेच. श्रावणात किंवा सलग सुट्ट्यांत ती चार-पाच तासांची होते. म्हणजे देव तिथेच आहे, रस्ता चौपदरी झाला आहे, फक्त 'निघायचं का?' एवढ्यावर निघता येत नाही.

ही चिडचिड एकट्या त्र्यंबकची नाही. शिर्डीची, तिरुपतीची, खोपोलीच्या इमॅजिकाची आणि थेट फ्लोरिडातल्या डिस्नेचीही तीच तक्रार आहे. गर्दी खेचणाऱ्या सगळ्याच जागांना अलीकडे एक उपाय सापडला आहे: लोकांनी आधी वेळ घ्यावी आणि मग यावं. या उपायातलं गणित नीट मांडलं तर राग नेमका कशाचा येतो ते कळतं.

त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधायला घेतलं. बांधकामाची वर्षं 1755 ते 1786 अशी सांगितली जातात. हे संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे भिंत पाडून वाट रुंद करायची सोय नाही. गाभाऱ्यात शिवलिंगाच्या जागी खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं. सामान्य भाविक बाहेरूनच पाहतो, तेही वर लावलेल्या आरशात. आरशात नजर स्थिरावेस्तोवर मागून 'चला, चला' सुरू होतं. समजा, एका माणसाला तीन सेकंद मिळाले. तासाला 1200 माणसं झाली. धर्मदर्शनाच्या रांगेत 4000 लोक असतील तर शेवटच्याला तीन तास वीस मिनिटं लागतील. आता त्याच उंबऱ्यातून तासाला 400 पासवाले सोडा. धर्मरांगेला उरले 800, आणि तोच शेवटचा माणूस पाच तासांनी आत पोचेल. पासाने उंबरा रुंद होत नाही. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या माथी जातो, एवढंच. याच दोनशे रुपयांच्या आकारणीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, ती या पार्श्वभूमीवर.

पण म्हणून आधी वेळ घेणं हीच वाईट चाल, असं मला वाटत नाही. त्र्यंबकला तर ती फार जुनी आहे. नारायण नागबळी तीन दिवसांचा विधी. त्याला आयत्या वेळी कोण जातं? गुरुजींना आधी कळवायचं, ते मुहूर्त सांगणार, उतरायची आणि जेवणाची व्यवस्थाही बहुधा तेच बघणार. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते निघतं. म्हणजे नोंदणी होती, नावनिशीवार होती आणि पिढ्यान्‌पिढ्यांची होती. फरक एवढाच की घरात सुतक आलं, बस बंद पडली, मुलीला ताप भरला, तर फोन करून 'गुरुजी, जमत नाही हो' म्हणता येत होतं. पलीकडून 'बरं, पुढच्या पंधरवड्यात बघू' असं उत्तर येई. वेळ ठरलेली असे, पण ती बदलून देणारा माणूसही असे.

ऑनलाइन पासाच्या पलीकडे तो माणूस नाही. ओटीपी येत नाही, आधारवरचं नाव जुळत नाही, घोटीला ट्रक आडवा झाल्याने तासभर अडकलो, यातलं काही ऐकून घेणारी खिडकी तिथे नसते. वेळ चुकली की पैसे गेले. व्यवस्थेला आपल्या येण्याची खात्री हवी असते, न येण्याचा तोटा मात्र आपण सोसायचा. घरातल्या सत्तरीच्या आजीसाठी पास काढणारा नातू पुण्यात असतो आणि ती इथे 'त्याला वेळ मिळाला की जाईन' म्हणत बसते. पूर्वी रांगेत ताटकळावं लागे, पण पायांत बळ असेल त्याला ती मोकळी होती.

करमणुकीच्या बागांचं काय? आपल्याकडचा सगळ्यात मोठा खेळ आता संगमनेरहून चालतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. गाय छाप जर्द्यामुळे घरोघरी पोचलेल्या मालपाणी उद्योगसमूहाने शिर्डीला जलक्रीडा उद्यान आणि 'साई तीर्थ' हे भक्तीवर बेतलेलं थीम पार्क उभारलं आणि 2013 साली खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकाचा ताबा 2022 मध्ये घेतला. तिथे तिकीट तारखेचं, सुट्टीच्या दिवशी वेगळ्या दराचं, आणि रांग टाळायची तर जादा पैसे. बागेत हे खपून जातं. झोपाळा कुणाचं कुलदैवत नसतो.

तरी बागेतही लोक चिडतात, आणि त्याचा धडा डिस्नेने मोजून घेतला. फ्लोरिडातली त्यांची उद्यानं जुलै 2020 मध्ये पुन्हा उघडली तेव्हा तिकिटाखेरीज प्रत्येक उद्यानासाठी वेगळं आरक्षण सक्तीचं झालं. साथीत ते रास्तच होतं. साथ ओसरली तरी नियम राहिला. एका उद्यानातून दुसऱ्यात जायला दुपारी दोनपर्यंत थांबावं लागे. 1999 पासून फुकट मिळणारा रांग टाळण्याचा पास 2021 मध्ये विकत झाला. कॅलिफोर्नियात वार्षिक पासधारक कोर्टात गेले: वर्षभर कुठलाही दिवस वर्ज्य नाही म्हणून महागडा पास विकलात, मग उद्यानात जागा असताना आम्हाला आरक्षण का नाही? कंपनीने 2023 मध्ये 95 लाख डॉलरवर तडजोड केली. फ्लोरिडात 9 जानेवारी 2024 पासून तारखेच्या तिकिटाला आरक्षणाची अट उठली आणि दोन वाजेपर्यंतचा अडसरही गेला.

पासधारकाचं हे दुखणं नाशिकरोडच्या फलाटावर कुणालाही समजेल. 1975 पासून धावणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांचं वेगळं गाव तयार केलं. त्यांचे डबे ठरलेले, डब्यात भजन, वाढदिवस, हळदीकुंकू; आज गाडी चुकली तर उद्या जागा राखणारे सोबती आहेतच. लॉकडाउननंतर गाडी सुरू झाली ती पूर्ण आरक्षित. मासिक पास चालेना. रोज जाणाऱ्याने रोज तिकीट काढायचं, साहेबांनी थांबवून घेतलं तर परतीचं बुडवायचं. पास पुढे सुरू झाले, पण त्या महिन्यांची आठवण काढली की आजही पासवाले तावातावाने बोलतात.

शिर्डीत तर साथीच्या काळात सगळा तमाशा एकाच जागी दिसला. राज्यातली देवळं 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. रोज ठरावीक भाविक, हातात पास, असा नियम. पास न काढता आलेल्यांच्या गाड्या गावात येऊन उभ्या. ज्यांनी नवस बोलला होता त्यांना संकेतस्थळ बोलता येत नव्हतं. पुढे तिथे नवं दर्शनरांग संकुल झालं, 26 ऑक्टोबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते. दहा हजारांवर माणसांना बसून थांबता येईल असं. मला हा उपाय पासापेक्षा शहाणपणाचा वाटतो. रांग आहे, पण सावलीत आहे, आणि येणारा केव्हाही येऊ शकतो.

गर्दीला बांध घालायचाच नाही, असं मात्र नाशिकमध्ये कुणी म्हणू नये. 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थातल्या शाही स्नानाच्या दिवशी, काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर, सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक माणसं गेली. त्याची धास्ती इतकी बसली की 2015 च्या सिंहस्थात, 29 ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला पोलिसांनी शहरभर बॅरिकेड उभे केले. भाविकांना मैलोन्‌मैल चालायला लावलं, नाशिककर घरातच बसले आणि घाटावर अपेक्षेपेक्षा कमी माणसं दिसली. ओरड झाली, पुढच्या पर्वणीला बंदोबस्त सैल केला गेला. कासच्या पठारावर रोज तीन हजारांची मर्यादा आहे ती फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून, आणि ती कुणाला जाचत नाही. वणीला नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीला थांबवून वर एसटीने नेतात. तिथे गाडीची मोकळीक जाते, यायची नाही. आलात की बसमध्ये चढलात.

टोकन म्हणजे सुरक्षितता, हे समीकरणही तिरुपतीने मोडलं. 8 जानेवारी 2025 च्या रात्री वैकुंठद्वार दर्शनाच्या टोकनसाठी जमलेल्या गर्दीत सहा जण दगावले. देवळाच्या दारात नव्हे, गावातल्या टोकन केंद्रांबाहेर. गर्दी फक्त जागा बदलून उभी राहिली होती.

हे सगळं आता का आठवायचं, तर 31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. पर्वणीच्या तारखा जाहीर झाल्या आहेत: 2 ऑगस्ट 2027, 31 ऑगस्ट 2027, आणि तिसरी नाशिकला 11 सप्टेंबर, त्र्यंबकला 12 सप्टेंबर. कॅमेरे, ॲप, माणसं मोजणारी यंत्रं यांची चर्चा जोरात आहे. 2015 मध्ये नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने पायाखाली अंथरायची, पावलं मोजणारी चटई करून दाखवली होती. ती कुणाला अडवत नव्हती. कुठे किती माणसं आहेत एवढंच सांगत होती. मला ती पासांच्या कुठल्याही ॲपपेक्षा कामाची वाटते.

कारण पंचांग पाहिलं तर पहिल्या दोन पर्वण्यांच्या मधेच श्रावण येतो आणि तिसरा श्रावणी सोमवार 23 ऑगस्टला पडतो. आदल्या रात्री ब्रह्मगिरीच्या फेरीला निघणारी पोरं, बाया, दुकानातून परस्पर निघालेले कामगार दरवर्षी एसटीच्या जादा गाड्यांनी त्र्यंबकला उतरतात, कुशावर्तात पाय धुतात आणि अंधारात डोंगराला लागतात. यातला कुणीही कधी वेळ घेऊन आलेला नाही. 2027 ला ही माणसं कुंभाच्या गर्दीवर चढून येतील आणि त्यानंतर आठव्या दिवशी दुसरी पर्वणी आहे. त्यांच्यासाठी बस किती, परतीची वाट कुठली, पाणी कुठे, हे ठरवायला आत्ता वेळ आहे.