पांढऱ्या सलाईनमधील सूक्ष्म थेंब

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक अनेकदा विचारतात, “दुधासारखे पांढरे सलाईन कशासाठी लावले आहे?” मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पूर्वी मला त्याची केवळ किंमत ठाऊक होती. आमच्या डॉक्टरांकडून जे समजले, ते येथे मांडतो.

ज्यांची आतडी काम करू शकत नाहीत असे रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बालके यांना शिरेवाटे अन्न द्यावे लागते. त्यातील स्निग्धांश म्हणजे हे सलाईन. स्वीडनमधील आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल व अंड्यातील फॉस्फोलिपिड यांपासून सिद्ध केलेले ‘इन्ट्रालिपिड’ १९६२ पासून वापरात आले.

तेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म थेंब करतात. फुप्फुसातील अतिसूक्ष्म केशवाहिन्यांची रुंदी सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. त्याहून मोठे थेंब तेथे अडकू शकतात. यास्तव अमेरिकन औषधसंहितेने दोन मर्यादा घातल्या आहेत : थेंबांचा सरासरी व्यास ०.५ मायक्रॉनपेक्षा कमी असावा आणि ५ मायक्रॉनहून मोठ्या थेंबांतील स्निग्धांश एकूण स्निग्धांशाच्या ०.०५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. सरासरी उत्तम असूनही एखादी मोठी चूक दडून राहते, हे हिशेब तपासणाऱ्यास सांगावयास नको. पहिली चाचणी लेझर प्रकाशाच्या विखुरण्यावरून होते. दुसरीत एकेका थेंबाची सावली मोजली जाते.

रक्तात गेल्यावर मात्र हे मोजमाप अवघड होते. तांबड्या पेशी प्रकाश अडवितात, म्हणून नमुना यंत्रात फिरवून रक्तद्रव वेगळा करावा लागतो. त्यात शरीराचे स्वतःचे स्निग्धकणही असतात आणि बाहेरून दिलेले थेंब विकरांमुळे सतत लहान होत जातात. त्यामुळे रुग्णाच्या बाबतीत थेंबांचा आकार न मोजता रक्तातील ट्रायग्लिसराईडचे प्रमाण पाहिले जाते. सलाईन लावलेल्या हातातून नमुना घेतल्यास हिमोग्लोबिनसारखे आकडेही चुकू शकतात; परिचारिका दुसऱ्या हातातून रक्त घेतात ते याचसाठी.

म्हणूनच खरी दक्षता सलाईन शरीरात जाण्यापूर्वी घ्यावयाची. कॅल्शियमसारखे क्षार परस्पर मिसळल्यास थेंब एकत्र येऊन मोठे होतात. वर पिवळसर तेल तरंगताना दिसले, तर ती पिशवी टाकूनच द्यावी लागते. नळीत १.२ मायक्रॉनची गाळणीही बसवितात.

ताळेबंदात ही गाळणी ‘किरकोळ साहित्य’ या सदरात दिसते आणि टाकलेली पिशवी नुकसानीत. देणगीदार व विश्वस्तांनी या दोन्ही रकमांकडे रुग्णाच्या श्वासाचे मोल म्हणून पाहावे, ही नम्र विनंती.