मुलगा ट्रकवर शिकायला निघालाय?

घरातला मुलगा ट्रकवर शिकायला निघाला, की वडिलांना वाटतं, चला, हाताला काम लागलं. आणि आईच्या पोटात गोळा येतो. दोघांचंही खरंच असतं. मी शिकवते त्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुलं या लाईनला जातात. त्यांच्या आया बाजारात भेटल्या, की विचारतात, "बाई, डब्यात काय देऊ?" डब्याचं मी सांगणारच आहे. पण मैत्रिणींनो, डब्याआधी त्याच्याबरोबर एक शब्द बांधून द्या. तो शब्द म्हणजे 'नाही'.

नवशिक्या मुलाला उस्तादापुढे नाही म्हणवत नाही. ज्याच्याकडून शिकायचं, ज्याच्या शेजारी बसून जेवायचं, त्याला उलट कसं बोलायचं? नेमका इथेच घोटाळा होतो.

कागद आधी, स्टिअरिंग नंतर

मालवाहू गाडी चालवायला कायद्याने वयाची २० वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स निदान एक वर्ष हातात असावं लागतं, तेव्हा कुठे मोठ्या गाडीचं शिकाऊ लायसन्स निघतं. डॉक्टरांचा दाखलाही लागतो. तेव्हा डोळे एकदा नीट तपासून घ्या. चष्मा लागला तर लाजायचं कारण नाही. शिकाऊ लायसन्सवर गाडी चालवताना पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी बसलेला हवा, आणि गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा.

शेजारी म्हणजे जागा, बरं का! रात्री उस्ताद मागच्या फळीवर आडवा होतो आणि "जरा धर रे गाडी" म्हणून क्लीनर पोराच्या हाती स्टिअरिंग देतो, हे आपल्याकडे सर्रास चालतं. अपघात झाला, तर चाकावर जो होता त्यालाच पोलीस विचारतात. इथे पहिलं 'नाही' म्हणायचं.

झोपेला फसवता येत नाही

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळा लागला, तर ५० मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. पहाटे दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतर, या दोन वेळा सर्वांत वाईट. मोठ्याने गाणी लावून, काच खाली करून किंवा तंबाखूचा बार भरून झोप जात नाही. ती फक्त थोडी लांबते. चहानेही तेवढंच होतं. गाडी पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात नीट उभी करून वीस मिनिटं डोळे मिटणं, हा तात्पुरता उपाय. खरं औषध म्हणजे रात्रीची पुरती झोप. जागं राहण्याच्या गोळ्या कोणी दिल्या तर घेऊ नयेत. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनीही गुंगी येते, तेव्हा डॉक्टरांना "मी गाडी चालवतो" हे आधी सांगावं.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं माप घालून दिलं होतं. इतक्या वर्षांपूर्वी सरकारला कळलं होतं, ते आपल्या मुलाने नक्की लक्षात ठेवावं.

घाट उतरताना

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची, ही जुनी आणि घातक खोड. बोरघाट असो की कसारा, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. नुसता ब्रेक दाबत राहिलं, तर तो तापतो आणि पुढे धरेनासा होतो. भरलेली गाडी मग कोणाचं ऐकत नाही. "न्यूट्रल कर" म्हटलं, तर दुसरं 'नाही'.

केबिन म्हणजे फिरतं घर

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं आहे. पण शिकाऊ मुलाच्या वाट्याला बहुधा जुनीच गाडी येते. तेव्हा सुती, सैल कपडे द्या. पायात चप्पल नको, पट्ट्याचे सँडल किंवा बूट हवेत. चप्पल पेडलखाली अडकते. पाण्याची बाटलीही पायाशी लोळती ठेवू नये. कमरेमागे टॉवेलची घडी ठेवली, तर पाठ कमी दुखते. केबिनमधून उडी मारू नये. दांड्याला धरून, गाडीकडे तोंड करूनच उतरावं. गाडीखाली सावलीत कधीही झोपू नये. बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवू नये.

आता डबा

पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-दाणे, भाजलेले चणे. ढाब्यावर दुपारी तेलकट आणि पोटभर खाल्लं, की झोप आलीच. डाळ-रोटी आणि कांदा पुरे. लघवीला थांबावं लागेल म्हणून मुलं पाणीच पीत नाहीत, ते करू नये. उन्हाने गळून गेल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावं. पिशवीत टॉर्च, पट्टी, मच्छरांचं मलम आणि घरचे फोन नंबर कागदावर लिहून द्या. मोबाईल बंद पडतोच.

आणि आपण घरचे?

मुलाला 'नाही' म्हणायचं बळ घरूनच मिळतं. मालकाकडून त्याच्या नावावर मोठी उचल घेऊन ठेवली, की त्याचं तोंड बंद झालंच म्हणून समजा. तो चालवत असताना फोन करू नका; थांबल्यावर त्यानेच करायचा, असं ठरवून टाका. "माझा पोरगा दोन रात्री न झोपता गाडी आणतो" असं शेजारणीपाशी कौतुकाने सांगू नका. ते कौतुक त्याच्याही कानावर जातं, आणि तिसऱ्या रात्री तो जागायला बघतो.

फोन आला, की "कधी पोचणार?" असं विचारू नका. "जेवलास का? झोपलास का?" एवढं विचारा. आणि एकदा स्पष्ट सांगून ठेवा, "काम सुटलं तर सुटू दे, तू घरी ये." हे ऐकलेला मुलगा उस्तादापुढे नाही म्हणू शकतो.