ओहोटीच्या पाठोपाठ : नराराची पायवाट

कच्छच्या आखातातली प्रवाळं बघायला पोहता येण्याची गरज नाही. विजार गुडघ्यापर्यंत दुमडायची, जुने बूट चढवायचे आणि ओहोटी लागली की पाण्याच्या पाठोपाठ चालू पडायचं. जामनगरहून साठेक किलोमीटरवर, वाडीनारजवळ नरारा आहे. भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान तिथे असं पायी बघता येतं.

१९८० मध्ये आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर अभयारण्य जाहीर झालं आणि १९८२ मध्ये त्यातल्या सुमारे १६३ चौरस किलोमीटरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हद्दीत ४२ बेटं आहेत. पिरोटन त्यातलं नावाजलेलं. पण तिथे होडीनं जावं लागतं आणि होडी भरतीच्या मर्जीवर चालते. पहिल्या खेपेला नराराच बरं.

इथे सगळा खेळ भरतीचा. आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे आत शिरणारं पाणी चढत जातं. टोकाशी भरती-ओहोटीतला फरक उधाणाला सहा मीटरच्या वर जातो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब इथे चालवू नये, कारण आखातात पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब हटतं, हे इथेही खरं.

किनाऱ्याची तिवरं मागे पडली की खडकाळ पठार लागतं. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. चिखल, शेवाळ, डबकी. मग नजर बसते. डबक्याच्या तळाशी पाकळ्या हलवणारं फूल दिसतं, ते समुद्रफूल, म्हणजे चक्क मांसाहारी प्राणी. त्याच्या बोटांमध्ये विषारी सूक्ष्म काटे असतात. जाड काळसर काकडी पडलेली असते, ती समुद्रकाकडी. फार छेडलं तर तिच्या काही जाती आपली आतडीच बाहेर टाकतात आणि पुढे नवी तयार करतात. ऑक्टोपस मात्र वाटाड्यानंच दाखवावा. खडकावरचा एक तपकिरी उंचवटा कडेनं फिकट होतो, मग त्यावर खडबडीत काटे उठतात, आणि आपण ‘कुठे?’ म्हणेपर्यंत तो फटीत ओतल्यासारखा नाहीसा होतो. अंगात हाड नसल्याचा हा फायदा.

प्रवाळांची अपेक्षा मात्र माफक ठेवावी. लक्षद्वीपच्या निळ्याशार पाण्यातले रंग इथे नाहीत. गाळानं पाणी गढूळ, नद्यांचं गोडं पाणी कमी आणि बाष्पीभवन जास्त म्हणून खारटपणा जास्त. शिवाय ओहोटीत उघडं पडल्यावर डोक्यावर ऊन. नाजूक फांद्यांची प्रवाळं अशा जागी टिकणं कठीण. टिकली ती मुख्यतः गोलसर, दगडासारखी, अंगावरचा गाळ बुळबुळीत स्रावानं झटकणारी. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला पोसतं. रंगही बहुतेक त्याचाच. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. मला विचाराल तर या मळकट प्रवाळांचं कौतुक रंगीत प्रवाळांपेक्षा जास्त व्हायला हवं.

त्यात शेजार कसला, तर वाडीनारला समुद्रातून कच्चं तेल उतरतं आणि किनाऱ्यावर शुद्धीकरण कारखाने आहेत. त्यावर आपण पर्यटक काही करू शकत नाही. पण आपल्या पायांचं आणि हातांचं काय? केंड मासा घाबरला की पोटात पाणी भरून फुगतो. फोटोसाठी त्याला बाहेर काढून हातावर फुगवायला लावणारे हौशी लोक असतात, आणि बक्षिशीपायी काही वाटाडे तेही करतात. त्या माशाची ती जिवावर बेतल्याची धडपड असते. दगडी प्रवाळांना तर कायद्यानं वाघाच्याच अनुसूचीत संरक्षण दिलंय. मेलेला तुकडाही खिशात घालू नये.

जायचं तर थंडीत जा. वनखात्याची परवानगी काढा, ओहोटीची वेळ जामनगरलाच विचारून घ्या, पाणी परतायच्या आत किनारा गाठा. आणि वाटाड्याला सुरुवातीलाच बजावा : काही उचलून दाखवू नका, आम्ही वाकून बघू.