पथ्य टोकावड्यापर्यंत कसे पोहोचणार?

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना तेथेच थोपविता येते, हेही सिद्ध झाले आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ५३१ जणांवरील प्रयोगात, आहार-व्यायामाचे सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्यांचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. गोळीनेही याहून अधिक साधले नाही.

परंतु हे पथ्य टोकावड्यात कसे पाळावयाचे? माळशेज घाटाच्या वाटेवरील या गावाभोवतीच्या वाड्यापाड्यांतील कितीतरी ठाकर-कातकरी कुटुंबे भातकापणी उरकली की वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दिवसभर विटा वाहणाऱ्या बाईस रोज अर्धा तास चालावयास सांगणे ही क्रूर थट्टा होय. वजन उतरविण्याचा उपदेश तर त्याहून फोल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील माता व मुले यांचा जो अभ्यास चालविला, त्यातून दिसले ते हेच की, आपली अर्भके जन्मतः हडकुळी असूनही त्यांच्या अंगी चरबी अधिक असते. कृश देह म्हणजे अभय नव्हे! रेशनच्या तांदळावर निभावणाऱ्या घरी ताटात बदल कोणता सुचवावयाचा, याचे उत्तर शहरातील छापील तक्त्यात नाही.

तिशीपुढील सर्वांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे, आशा सेविका घरोघर फिरतात. मात्र तपासणीनंतर काय, हे शोधण्यासाठी पैसा खर्चावयास हवा. केरळात १००७ लोकांत, गावच्याच सोबत्यांच्या साह्याने असा प्रयोग झाला. फळे-भाज्यांचे सेवन वाढले, पण २०१८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत मधुमेहाचे प्रमाण लक्षणीय घटलेले दिसले नाही. आम्ही यास अपव्यय मानीत नाही. पुढच्याने कोठे अधिक खोल खणावे, हे त्यावरून कळते.

राज्य शासनाने व मुंबईच्या वैद्यक महाविद्यालयांनी मुरबाड-शहापुरात असे काम हाती घ्यावे. त्यास निदान पाच वर्षांचा निधी असावा, आशा सेविकांस वेगळे मानधन मिळावे, आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते छापावेत. पाहणी भट्ट्यांपर्यंत कुटुंबांच्या मागोमाग गेली पाहिजे. माणसे दिवाळीनंतर गाव सोडू लागतात. पहिली तपासणी त्यापूर्वी व्हावी.