गाण्याची प्रतवारी

खानदेशच्या माणसाला प्रतवारी हा शब्द समजावून सांगावयास नको. जळगाव-धुळ्याच्या बाजारांत कापूस आला कीं जाणता व्यापारी ढिगांतला पुंजका चिमटींत धरतो, धागा ओढून त्याची लांबी पाहतो, आणि मगच भाव बोलतो. परंतु हींच माणसें घरीं आलीं, जेवणें आटोपलीं, सुपारी कातरली गेली आणि गाण्याचा विषय निघाला, कीं धागा न ओढतांच भाव बोलूं लागतात. 'मानापमाना'सारखीं पदें पुन्हां झालीं नाहींत, असें एकजण म्हणतो. 'स्वयंवरा'पुढें बाकी सारें फिकें, असें दुसरा म्हणतो. आणि 'एकच प्याल्या'चें नांव निघतांच आंतल्या खोलींतून आत्याबाई बाहेर येतात. या गोड भांडणाविषयीं चार शब्द लिहावे, असा आमचा विचार आहे. कारण तें नीट भांडलें तर कान तयार होतो, आणि वाईट भांडलें तर घरांतला ठेवा नष्ट होतो.

क्रम लावण्याची ही हौस आपल्याच लोकांना आहे असें नाहीं. विलायतेंत १९६८ सालीं 'डीप पर्पल' नांवाचा एक बँड निघाला. विजेवरची गिटार, ड्रम आणि ऑर्गन यांच्या प्रचंड घोषांत उंच स्वरांत गावयाचें, अशी त्यांची तऱ्हा. तिला 'हार्ड रॉक' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत शिकून आलेले व आतां साठी ओलांडलेले कित्येक काका-मामा अजूनही अशा गाण्याचे भक्त आहेत. १९७० चा 'इन रॉक', १९७१ चा 'फायरबॉल' आणि १९७२ चा 'मशीन हेड' हे या बँडचे तीन गाजलेले अल्बम. त्यांत अव्वल कोणता, हा वाद अजून मिटलेला नाहीं. असा एखादा काका आणि बालगंधर्वांचे भक्त असलेले आजोबा एका छपराखालीं राहत असले, तर आजोबांना काकाचें गाणें गोंगाट वाटतें व काकाला आजोबांचें गाणें संथ वाटतें. पण दोघांचीं भांडणें जर कोणी शेजारीं शेजारीं ठेवून ऐकेल, तर मुद्दे तेच आहेत असें त्याला आढळून येईल.

आपल्याकडे अल्बमचें काम नाटक करीत असे. एका नाटकाचीं पदें म्हणजे एका काळाचा, एका संगीतकाराचा आणि एका भूमिकेचा संग्रह. बालगंधर्वांचीं चार नाटकें घ्या. खाडिलकरांचें 'मानापमान' १९११ सालीं रंगभूमीवर आलें. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि भामिनीची भूमिका करणारे नारायणराव राजहंस त्या वेळीं अवघे २२ वर्षांचे. खाडिलकरांचेंच 'स्वयंवर' १९१६ सालचें. चाली भास्करबुवा बखले यांच्या, भूमिका रुक्मिणीची, वय २८. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं, नाटककाराच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलें. पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांचीं, भूमिका दारुड्याची पत्नी सिंधू हिची. 'कान्होपात्रा' १९३१ सालचें. संगीत मास्तर कृष्णरावांचें, भूमिका संत स्त्रीची, आणि वयाची चाळिशी उलटलेली. हीं चार नाटकें म्हणजे एकाच गळ्याचे चार ऋतु होत.

या गळ्यावर जळगावचा थोडा हक्क आहे, हें येथें सांगितलेंच पाहिजे. नारायणराव लहानपणीं कांहीं काळ जळगावास होते, आणि गाण्याचे आरंभीचे धडे त्यांनीं तेथेंच मेहबूबखाँ यांच्यापाशीं घेतले. गळ्याचें वैभव पुढें भास्करबुवांच्या तालमींत खुललें हें खरें. पण पहिला पाट मांडला गेला तो खानदेशांत. आज जळगावास त्यांच्या नांवाचें खुलें नाट्यगृह आहे आणि त्यांच्याच नांवाचा संगीत महोत्सवही तेथें भरतो. तेव्हां त्यांच्या पदांची प्रतवारी करण्याचा अधिकार पुण्या-मुंबईलाच आहे, असें खानदेशानें मानण्याचें कारण नाहीं.

आतां प्रतवारी करावयाची ती कशाची, हा पहिला प्रश्न. आपण ऐकतों ती ध्वनिमुद्रिका. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूस सुमारें तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें. त्यापूर्वीं गायकानें एका कर्ण्यापुढें उभें राहून त्याच्या तोंडांत गावयाचें, अशी रीत होती. नाटकगृहांत जें पद 'वन्स मोअर' घेत घेत वाढत जाई, ज्याच्या मागें अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे, तें पद या साडेतीन मिनिटांत आटपावें लागे. मोठ्या वाड्यांतला संसार एका पेटींत भरावा, तसा हा प्रकार होता. कोणतें पद पेटींत नीट बसलें आणि कोणत्याचें निम्मे अंग बाहेर राहिलें, हें तबकडी सांगत नाहीं. तें आपण ओळखावयाचें असतें.

येथें विलायती उदाहरण फार उपयोगी पडतें. 'डीप पर्पल' मंडळींनीं १९७२ च्या ऑगस्टांत जपानांतील ओसाका व टोकियो या शहरीं जलसे केले. त्यांचें ध्वनिमुद्रण 'मेड इन जपान' या नांवानें प्रसिद्ध झालें. 'मशीन हेड'मध्यें जें एक गाणें साडेचार मिनिटांचें आहे, तेंच या जलशांत जवळ जवळ वीस मिनिटें चालतें! त्यामुळें त्यांच्या भक्तांत दोन तट आहेत : एकाला बेतशीर बांधलेलें गाणें श्रेष्ठ वाटतें, दुसऱ्याला श्रोत्यांपुढें फुललेलें. त्यांना दोन्ही ऐकून निवाडा करतां येतो, हें त्यांचें भाग्य. आपल्याला तो मार्ग नाहीं. बालगंधर्वांच्या ऐन भरांतल्या एकाही नाटकाचा पूर्ण प्रयोग ध्वनिमुद्रित झालेला नाहीं. म्हणून 'स्वयंवर श्रेष्ठ' असें म्हणणाऱ्यानें स्वतःस विचारावें कीं, मी तबकडी श्रेष्ठ म्हणतों, कीं वडिलांच्या तोंडून ऐकलेला प्रयोग श्रेष्ठ म्हणतों ?

हा प्रश्न एकत्र कुटुंबांत फार नाजूक असतो. घरांतला वडील माणूस बोलला कीं क्रम ठरला, अशी आपल्याकडे पद्धत आहे. पण एखाद्या नातवानें सहज विचारावें, "आजोबा, तुम्ही बालगंधर्वांना नाटकांत पाहिलंत का ?" आणि आजोबांनीं प्रामाणिकपणें सांगावें, "नाहीं रे बाळ, माझ्या वडिलांनीं पाहिलेलं." बालगंधर्व १९६७ सालीं वारले, त्यांचे भरभराटीचे दिवस त्यापूर्वींच कितीतरी वर्षें सरले होते. आज जे ऐंशीच्या घरांत आहेत, तेही तबकडीवरच वाढले. म्हणजे त्या साडेतीन मिनिटांपुढें आजोबा आणि नातू सारखेच श्रोते आहेत. आजोबांपाशीं ऐकण्याचीं वर्षें अधिक आहेत आणि वडिलांकडून आलेल्या आठवणी आहेत, ही त्यांची शिदोरी. ती त्यांनीं वाटावी. पण निकाल देतांना नातवाच्या कानाचेंही मत मोजलें जावें, असें आम्हांस वाटतें.

दुसरा प्रश्न मापाचा. कापसाची लांबी पाहणारा त्याच दमांत त्याचें वजन करीत नाहीं. गाण्यालाही एका वेळीं एकच माप लावावें. केवळ चालींचें सौष्ठव पाहिलें तर आम्ही 'स्वयंवरा'ला पहिला पाट देऊं. यमनांतलें 'नाथ हा माझा' आणि बिहागांतलें 'मम आत्मा गमला' हीं पदें ऐकतांना रागाची शिस्त आणि रुक्मिणीचा आनंद यांत कोठें सांधा दिसत नाहीं. भास्करबुवांसारख्या गवयाचा हात त्यांवरून फिरला आहे हें कळतें. भूमिकेंत विरघळलेलें गाणें पाहावयाचें, तर 'एकच प्याला' वर येतें. 'कशी या त्यजूं पदाला' हें पद ऐकतांना आपण गाणें ऐकत आहों हेंच विसरतों. म्हणूनच आत्याबाई त्याच्यासाठीं बाहेर येतात, आणि त्यांचें मत कोणी भाबडें समजूं नये. तारुण्याचा झोक व नखरा पाहिजे असेल, तर ठुमरीच्या अंगानें सजलेलें 'मानापमान' घ्यावें. आणि दिवसभराच्या शिणानंतर देवघरांत दिवा लावतेवेळीं काय ऐकावें, असें विचाराल, तर 'कान्होपात्रे'तील अभंगांना जोड नाहीं.

सगळीं मापें एकत्र करून क्रम सांगाच, असा आग्रह कोणी धरला, तर आम्ही 'स्वयंवर', 'एकच प्याला', 'मानापमान', 'कान्होपात्रा' असा सांगूं. शेवटचें नांव लिहितांना मात्र हात अडखळतो. 'कान्होपात्रा' तेथें गेलें तें गाणें कमी म्हणून नव्हे. नाटकाची गुंतागुंत त्यांत कमी आणि भजनाचा भाव अधिक, एवढ्याचसाठीं. ज्यांना भावच मुख्य वाटतो त्यांनीं हा क्रम खुशाल उलटा करावा; त्यांचें कारण ऐकून घेऊं. कारणाशिवाय सांगितलेला क्रम हा नुसता हट्ट. कारणासह सांगितला कीं ऐकणाऱ्याला तें पद पुन्हां लावून पाहावेंसें वाटतें.

अशी तुलना एकदां तर खुद्द रंगभूमीवर झाली. १९२१ च्या जुलै महिन्यांत मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं मिळून 'संयुक्त मानापमान' केलें. एक भामिनी, दुसरे धैर्यधर. श्रेष्ठ कोण, याचा निकाल तेथें लागला असें कोणी मानीत असेल, तर त्याच्या विरुद्ध पक्षाचा वंशजही महाराष्ट्रांत सांपडेलच. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत केशवराव वारले, आणि तो सामना पुन्हां होणें संपलें. वादाचा निकाल राहिला; पण त्या रात्रीं दोन्ही तटांचे लोक एका नाटकगृहांत बसून गाणें ऐकत होते, हें काय थोडें झालें ?

आतां आम्हांस ज्याची धास्ती वाटते, तें सांगतों. आजकाल मोबाईलवर कोणतेंही पद क्षणांत ऐकावयास मिळतें, ही मोठीच सोय झाली आहे. पण बालगंधर्वांचें नांव घालून शोध केला, तर बहुधा पुष्कळांनीं ऐकलेलीं पदें तेवढीं वर येतात. जें वर आलें तें पुन्हां ऐकलें जातें, आणि ऐकलें गेलें म्हणून पुन्हां वर येतें. हाही एक क्रमच. परंतु त्याला कारण विचारतां येत नाहीं. अशा वेळीं घराचा स्वतःचा क्रम असणें अगत्याचें आहे. तो चुकीचा असला तरी चालेल. निदान तो कोणाच्या तरी कानानें लावलेला असेल.

घराच्या क्रमालाही एक भय आहेच, आणि तें धुळ्याच्या उदाहरणानें उत्तम समजतें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं महाराष्ट्रभर हिंडून जुन्या वाड्यांतलीं दप्तरें आणि पोथ्या जमविल्या. घरच्या लोकांच्या हिशेबीं त्या कागदांचा नंबर शेवटचा होता. म्हणून ते वाळवीच्या तोंडीं गेले, नाहीं तर पुड्या बांधण्यास. राजवाडे आधीं जमवीत आणि मग तोलीत. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांचा देहांत झाला, आणि लगेच १९२७ सालीं त्याच गांवीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ निघालें. ज्या घरांनीं प्रतवारी करून खालचा माल टाकला, त्यांच्या हातीं कांहीं उरलें नाहीं. आपल्या माळ्यावरच्या तबकड्यांविषयीं आपणही तेंच करीत आहों कीं काय, याचा प्रत्येक कुटुंबानें विचार करावा. पहिल्या नंबरचें पद शंभर ठिकाणीं मिळतें; शेवटच्या नंबरची तबकडी कदाचित् आपल्याच घरीं उरली असेल.

म्हणून दोन व्यवहाराच्या सूचना. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेच्या मिश्रणाची असते. ती ठिसूळ असते, आणि खानदेशांतला उन्हाळा ४५ अंशांवर गेला कीं उष्णतेनें वांकते. तेव्हां तबकड्या माळ्यावर एकावर एक रचूं नयेत. थंड खोलींत, पाकिटांत घालून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या. त्या पुसण्यास स्पिरिट कदापि वापरूं नये. त्यांत लाख विरघळते आणि गाणें कायमचें जातें. लाँग-प्ले तबकडीची बारीक सुई त्यांवर चालवूं नये. त्यांचे चरे रुंद असतात. पाकिटावर तबकडीचा क्रमांक, कंपनीचें नांव आणि ती घरांत कोणी व केव्हां आणली हें लिहावें. आणखी एक ओळ खालीं सोडावी : घरांतल्या प्रत्येकानें तिला कितवा नंबर दिला, आणि कां दिला.

हें काम घरांतल्या मुलींनीं व सुनांनीं हातीं घेतलें तर अधिक चांगलें, कारण वर्षानुवर्षें गाणें ऐकून ज्यांचें मत कोणी विचारलें नाहीं, अशा त्याच होत. काकाचे विलायती अल्बमही याच कपाटांत ठेवावे. येत्या उन्हाळ्यांत मुलेंबाळें घरीं जमतील, रात्रीं गच्चीवर अंथरुणें पडतील, तेव्हां एक तबकडी आजोबांची आणि एक काकांची लावावी, आणि मग पोटभर भांडावें. निकाल लागला नाहीं तरी बिघडत नाहीं. तबकडी मात्र पाकिटांत घालून उभी ठेवण्यास विसरूं नये.