यजमानांचा गळ आणि घरच्यांचे बिछाने

घर बांधायला काढले, की घरातल्या प्रत्येकाला निराळे घर हवे असते. यजमानांना ऐसपैस दिवाणखाना हवा, गृहिणीला उजेडाचे स्वयंपाकघर, आजोबांना सकाळचे ऊन येणारी गॅलरी. जागा मात्र असते तेवढीच, आणि शेवटी कोणाचे तरी मन मोडावे लागते. आता हेच घर पाण्यावर तरंगणारे आहे, आणि यजमानांना त्याच्या परसदारातून चारशे-पाचशे रत्तलांचा मासा ओढून आत घ्यायचा आहे, अशी कल्पना करा. म्हणजे हौशी मासेमारीची आणि सहकुटुंब सफरीची अशी दुहेरी नौका आखणाऱ्याची पंचाईत ध्यानात येईल.

अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर हा शौक फार जुना. तिथे गळाला लागतात ते मासे म्हणजे भाल्यासारख्या तोंडाचा मार्लिन आणि आपल्याकडच्या कुप्याचा थोराड भाऊबंद टूना. तिथल्या सर्वांत प्रसिद्ध नौकेचा मालक मराठी वाचकाला परका नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली ‘एका कोळियाने’ या नावाने ज्याची कादंबरी मराठीत आणली, तो अर्नेस्ट हेमिंग्वे. त्याच्या नौकेचे नाव ‘पिलार’.

तयार अंगरखा, मापाची काटछाट

१९३४ च्या वसंतात हेमिंग्वे आफ्रिकेतली शिकार आटोपून परतला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या व्हीलर कंपनीकडे गेला. ‘एस्क्वायर’ मासिकाच्या संपादकाने पुढच्या लेखांपोटी दिलेली उचल गाठीला होती. त्याने नौका मुळापासून आखवून घेतली नाही. व्हीलरची ३८ फुटी ‘प्लेमेट’ ही सफरीची नौका बाजारात होती. कुटुंबाने सुट्टीत चार दिवस पाण्यावर काढावेत, हाच तिचा हेतू. रुंदी १२ फूट, आत सहा आणि मागच्या मोकळ्या भागात दोन, अशी आठ माणसांची निजायची सोय. हेमिंग्वेने तीच निवडली आणि आपल्या मापाने बेतून घेतली. किंमत झाली साडेसात हजार डॉलरच्या आसपास.

नेहमीच्या पांढऱ्या रंगाऐवजी अंग काळे करवले. नौकेच्या मागच्या फळीची उंची एक फुटाने उतरवली आणि तिच्यावर लाकडी रूळ बसवला, म्हणजे अवजड मासा घरंगळत आत यावा. जिवंत आमिष ठेवण्यासाठी पाण्याची कोठी केली, पेट्रोलच्या जादा टाक्या घातल्या. प्रवासासाठी ७५ अश्वशक्तीचे एक इंजिन आणि गळ पाण्यातून संथपणे ओढत नेण्यासाठी ४० अश्वशक्तीचे दुसरे. पुढे छतावर उघडा मजला चढवून तिथूनही सुकाणू चालवायची सोय केली.

एका हाताने घ्यावे, दुसऱ्याने द्यावे

ही यादी वाचायला गमतीची वाटते, पण यातली एकही गोष्ट फुकट मिळालेली नाही.

मागची फळीच पाहा. ती उतरवली, की मासा सुखाने आत येतो, पण तसाच समुद्रही येतो! मागून चढलेली लाट मोकळ्या भागात साठली तर नौका बुडाला जड होते. म्हणून तिथली जमीन पाण्याच्या पातळीहून उंच ठेवून पाणी आपोआप वाहून जाईल अशी भोके ठेवावी लागतात. आणि हातात दोरी धरून उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ती एक फुटाची कमतरता चांगलीच भोवू शकते. यावर सुरेख तोड काढली ती फ्लोरिडातल्याच वेस्ट पाम बीचच्या रायबोविच बापलेकांनी. त्यांनी फळी उंचच ठेवली आणि तिला दार बसवले. मासा आला की दार उघडायचे, एरवी कडी घालायची. गृहिणीच्या मनात आले असते ते असेच!

दोन इंजिने हा मात्र दोन्ही पक्षांच्या सोयीचा सौदा. एक बंद पडले तर धाकट्या इंजिनावर का होईना, मुलेबाळे घरी पोचतात. तरीही त्यापायी पोटातली जागा गेली आणि वजन वाढले. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती तळाशी जाऊन बसते, आणि एक ठिणगी पुरते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याने तळाची हवा बाहेर काढणे हा अशा नौकेवरचा पहिला नेम. डिझेल इंजिनाला पुढे पसंती मिळाली, तिचे एक मोठे कारण हेच.

उंचावरून पाणी दूरवर दिसते, मासा आधी हेरता येतो. पण नौका डावी-उजवीकडे कलते तेव्हा सर्वांत मोठा झोका बसतो तो सर्वांत वर बसलेल्याला, आणि वरचे वजन तो झोका अधिकच लांबवते. उलट नौकेचा मध्यभाग पाळण्याच्या आसाजवळ असल्यासारखा, तिथे हेलकावा कमी. म्हणून स्वयंपाकाची चूल आणि प्रवासात निजायची जागा शक्यतो मध्याजवळ असावी. टोकाकडच्या त्रिकोणी खोलीतले बिछाने नांगर टाकलेल्या रात्रीच गोड लागतात.

पोटाची घडण

सर्वांत अवघड सौदा मात्र पाण्याखाली होतो. १९६० सालच्या मायामी ते नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात ‘मॉपी’ नावाची लाकडी नौका पहिली आली. रिचर्ड बर्ट्राम हा तिचा मालक आणि रे हंट हा आखणीकार. वेगवान नौकांचे तळ तोवर मागे सपाट होत जात आणि लाटांवर दणादण आपटत. हंटने खोल ‘व्ही’सारखा आकार शेवटपर्यंत नेला, त्यामुळे नौका लाटेवर आदळण्याऐवजी तिला कापत जाई. पुढच्याच वर्षी या घडणीची ३१ फुटी फायबरग्लासची नौका बाजारात आली आणि हौशी मासेमारांनी ती उचलून धरली. पण धावताना सुख देणारा हा आकार थांबल्यावर अधिक डुलतो, आणि धावायला इंजिनाची ताकदही अधिक मागतो. गळ टाकून तासभर स्वस्थ उभे राहायचे असेल, तेव्हा यजमान मजेत आणि बाकीचे कुटुंब लिंबू चोखत, असा देखावा दिसायचा.

गंमत अशी, की ‘मॉपी’ हे बर्ट्रामच्या बायकोचे लाडके नाव, आणि ‘पिलार’ हे हेमिंग्वेची तेव्हाची पत्नी पॉलीन हिचे. नाव बायकोचे द्यायचे आणि नौका आपल्या गळासाठी बेतायची, ही रीत तिकडच्याही नवऱ्यांना साधलेली दिसते.

बाकी काय उरले

‘पिलार’ने शिकाऱ्याचे काम चोख केले. बहामातल्या बिमिनी बेटाजवळ गळाला लागलेला मोठा टूना नौकेत येईपर्यंत शार्क त्याचे लचके तोडत. १९३५ साली हेमिंग्वेने तिथे अखंड टूना आणून दाखवले. पण त्याच वर्षी, त्याआधी काही आठवडे, नौकेशी ओढून आणलेल्या शार्कवर नेम धरताना सुटलेल्या गोळीचे तुकडे पितळी पट्टीवर आपटून त्याच्याच दोन्ही पायांत घुसले होते. चार पावलांच्या जागेत जिवंत शार्क, भरलेले पिस्तूल आणि माणसे एकत्र आल्यावर दुसरे काय व्हायचे? त्या दिवशी तिथे मूल उभे असते तर? नौका आखणाऱ्याने हा प्रश्न कागदावरच विचारायचा असतो. मासा येईल तेव्हा मुलांनी कुठे बसायचे, आणि तिथून त्यांना तो दिसेल का?

जाणता आखणीकार म्हणूनच माशाचे वजन शेवटी विचारतो. आधी विचारतो, वर्षातले किती दिवस गळ टाकणार आणि किती रात्री पाण्यावर निजणार? धाकट्याचे वय काय? कोणाला समुद्र लागतो? उत्तरे प्रामाणिक असली, तर मागच्या फळीची उंची आणि चुलीची जागा फारशी घासाघीस न करता ठरते. बहुतेकांच्या हिशेबात गळाचे दिवस थोडे आणि रात्री पुष्कळ निघतात.

‘पिलार’ आज क्यूबात, हवानाजवळच्या हेमिंग्वेच्या घराच्या आवारात कोरड्या जमिनीवर उभी आहे. २०२० साली व्हीलर घराण्याच्या वंशजांनी त्याच धाटणीची नवी ३८ फुटी नौका पाण्यात सोडली. शिकाऱ्याने आपल्यापुरती कापून घेतलेली ती सफरीची नौका मूळच्याच रूपात नव्याने बांधावीशी वाटली, यात नवल नाही. मासा लागो न लागो, संध्याकाळी दमून आलेल्या माणसांना निजायला कोरडी जागा लागतेच.